सात नंबरच्या यंत्रावरचे ठोके

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा. कोणाला पटवत बसायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

आणि ती रात्रीची नाही. भर दुपारची आहे. चार वाजून दहा मिनिटांची.

मी भूकंप नोंदणी केंद्रात काम करते. आमच्या सीमेवर एक डोंगर आहे, सारखा घसरणारा. तीन देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून त्यात नऊ यंत्रं पुरली आहेत, पायथ्याला एक नंबर, माथ्याला नऊ. जमीन जराशी हलली तरी आमच्या पडद्यावरची रेघ थरथरते.

माझा मोठा भाऊ ती यंत्रं दुरुस्त करायला वर जायचा. काम झालं की दादा यंत्राशेजारी पाय आपटायचा.

तीनदा... थांबून एकदा.

इकडे रेघ उडाली की मी फोनवर म्हणायचे, "मिळालं." तोवर तो जागचा हलायचा नाही. प्रत्येक माणसाचा पाय वेगळा उमटतो. दादाचा मी हजारांत ओळखला असता.

पलीकडच्या देशातला प्रोफेसर त्याचा जिवलग मित्र. आमच्याकडे आला की मागून मागून जेवायचा. आईला आमच्यासारखंच 'आई' म्हणायचा. डोंगरावरच्या नोंदी आधी त्याच्याकडे जायच्या, मग आमच्याकडे.

त्या मंगळवारी दादा सात नंबरच्या यंत्राची बॅटरी बदलायला निघाला. पायथ्यावरून त्याचा फोन आला.

"छोटे, डोंगर काय म्हणतोय?"

रेघ सरळ होती.

"गाढ झोपलाय. जा बिनधास्त."

चार वाजून दहा मिनिटांनी अख्खा उतार खाली आला. दादा सापडलाच नाही.

माझी रेघ मात्र तेव्हाही सरळच होती...

ती रेघ दोन दिवसांपूर्वीची होती, हे नंतर कळलं. डोंगर जागा होतोय हे प्रोफेसरला दिसलं होतं. तो शोध आधी स्वतःच्या नावावर छापायचा, म्हणून त्याने आम्हाला न सांगता ताज्या नोंदी अडवून ठेवल्या आणि जुन्या पुढे पाठवल्या. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

खाल्ल्या घरचे वासे मोजले त्याने. केसाने गळा कापला. पण दादाला वर पाठवणारा आवाज माझा होता.

आमचे साहेब म्हणाले, "हे बाहेर गेलं तर करार मोडेल. तिन्ही देशांचं काम बंद पडेल. गप्प राहा."

मी गप्प राहिले.

दोन आठवडे गेले. सात नंबरचं यंत्र तीस फूट चिखलाखाली होतं. त्याची रेघ बंद होती.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ती उडाली.

तीनदा...

थांबून एकदा.

शेजारी बॅटरीवाले काका बसले होते. दादाला हे काम त्यांनीच शिकवलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"अगं... हा आपल्या पोराचा पाय आहे."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाच नंबर. मग तीन. मग एक.

तो उतरत होता...

पाचव्या दिवशी तळघरातल्या चाचणीच्या यंत्राची रेघ उडाली. आमच्याच इमारतीच्या तळघरातल्या.

मी कुलूप काढून खाली गेले. खोलीत कोणी नव्हतं. काही हलत नव्हतं. काका वरून फोनवर बोलत होते.

"आत्ता आपटला. ऐकलंस?"

"नाही काका."

"परत! तुझ्या अगदी जवळ आहे तो!"

मला माझ्या श्वासाशिवाय काहीही ऐकू येत नव्हतं. मी रिकाम्या खोलीत रडत म्हणाले, "मिळालं, दादा. मला खरंच माहीत नव्हतं रे. त्याने आपल्या दोघांनाही फसवलं."



"थांबला गं," काका म्हणाले.

त्यानंतर महिनाभर काही नाही. दादाने माझं ऐकलं, असं मी धरून चालले.

मग कराराची मुदत संपली. प्रोफेसर आला. आईच्या गळ्यात पडून रडला. नव्या करारात त्याने एक कलम घातलं: नोंदी दोन दिवस उशिरा मिळतील. नोंदींची जबाबदारी माझी, म्हणून सही माझी लागत होती. साहेब म्हणाले, "सही नाही, तर प्रकल्प नाही. आणि तुझी नोकरीही नाही."

आज डोंगरावर दुसऱ्या कोणाचा तरी दादा जातो.

मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी आई माझ्यासमोर भाजी निवडत बसली होती. एकदम तिचे हात थांबले.

"दादा आलाय गं. दारात पाय आपटतोय. उघड ना."

मी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. दार उघडलं. जिना रिकामा होता.

आता हे रोजचंच झालंय. आई दाराशी जाते, त्याच्याशी बोलते, हसतेसुद्धा. काल मी तिला विचारलं, "माझ्याबद्दल काही विचारतो का गं तो?"

आईने मान खाली घातली. पुन्हा भाजी निवडायला लागली.

मला एकही ठोका ऐकू येत नाही.