सात नंबरचा लवू

हे खरं घडलेलं आहे.

माझ्या बाबांच्या बाबतीत घडलेलं. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. माझे बाबा, राजाराम, देवाधर्माचे नव्हते. भुताखेतांचे तर नव्हतेच. उभा जन्म गिरणीत साच्यांच्या, कापडाच्या मागांच्या, खडखडाटात गेलेला माणूस. ही गोष्ट त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली... आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

साल १९५६. फेब्रुवारी महिना. दादरचा टिळक पूल. पहाटेचे पाच वाजायला थोडा वेळ.

आमची चाळ काळाचौकीला. त्या चाळीत तेव्हा सायकलींचं एक मंडळ होतं. व्यायामशाळेतल्या सात जणांनी काढलेलं. दर रविवारी गिरणीला सुट्टी, म्हणून दर रविवारी पहाटे साडेचारला चाळीच्या दारातून सात सायकली निघायच्या. लालबाग, परळ, दादर. तिथून टिळक पूल चढायचा, पलीकडे उतरायचं, माहीमला इराण्याकडे चहा आणि ब्रून मस्का. मग शीव कोळीवाड्यावरून परत घरी. ऊन चढायच्या आत.

बाबा म्हणायचे, आठवडाभर नाकातोंडात कापसाचे तंतू जायचे. ते रविवारी पुलाच्या उतारावर बाहेर पडायचे. हात सोडून द्यायचे सगळे. शर्टात वारा भरायचा. तात्या, मंडळाचा म्होरक्या, चाळीस वर्षांचा बाप्या, तोही उतारावर पोरासारखा ओरडायचा.

भांडणंही तेवढीच.

ट्रामच्या रुळात चाक अडकून कोणीतरी आपटायचा. कोणाचा दिवा पेटायचा नाही आणि हवालदार सगळ्यांनाच उभं करायचा. पुढे कोण राहणार यावरून तर दर रविवारी जुंपायची.

पण सगळ्यात जास्त शिव्या खायचा तो लवू.

लवू मालवणकडचा. आईबरोबर, सुंदराबाईबरोबर, आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचा. बाप लहानपणीच गेलेला. बाबांचा जिवलग मित्र. त्याची सायकल कोणीतरी टाकून दिलेली, लोखंडासारखी जड. तिची चेन दर दोन मैलांना पडायची. त्यात हा शनिवारची रात्रपाळी करून तसाच यायचा. कायम मागे. कायम धापा टाकत.

"अरे, थांबा रे! चेन पडली!"

"लवू, तुझ्यामुळे चहा थंड होतो दर वेळी!" तात्या कावायचा.

पण पंक्चर कोणाचंही होवो, काढायचा लवूच. पंप आणि पिशवी त्याच्याच सायकलीला. शिव्या खात खात, हसत हसत दुसऱ्यांची चाकं दुरुस्त करायचा.

अंधारात मागे कोण राहिलं ते कळावं म्हणून तात्याने एक पद्धत घातली होती. पुलाचा चढ सुरू झाला की तो ओरडायचा, "एक!" त्याच्या मागचा, "दोन!" असं शेवटपर्यंत. बाबा सहा. लवू सात.

लवूचा "सात" नेहमी उशिरा यायचा. लांबून. दम लागलेला.

"...सात."

तो ऐकला की मगच तात्या वेग वाढवायचा.

मग जानेवारी आला.

सोळा तारखेच्या रात्री रेडिओवर जाहीर झालं, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी गिरणगाव रस्त्यावर उतरलं. गिरण्या बंद पडल्या. दगड, अश्रुधूर, गोळीबार. जुन्या लोकांना ते दिवस सांगावे लागत नाहीत.

त्याच दिवशी, मंगळवारी, बाबा आणि लवू गिरणीतून एकत्र निघाले. दोघंही सायकलवर. परळच्या नाक्याजवळ समोरून लोक पळत आले. कोणीतरी ओरडलं, "गोळ्या सुटल्या! मागे फिरा!"

बाबांनी सायकल गल्लीत घातली आणि जीव खाऊन पायडल मारले.

मागून हाक आली.

"राजा... थांब रे! चेन पडली!"

बाबांनी ती ऐकली. अगदी स्पष्ट.

ते थांबले नाहीत.

 हे सांगताना बाबा मला म्हणाले, "मी एकवीस वर्षांचा होतो गं. मला मरायचं नव्हतं."

लवूला दुसऱ्या दिवशी घरी आणलं. गोळी पाठीत लागली होती. कोणाची, कुठून आली, काही कळलं नाही. सायकल सापडलीच नाही. सुंदराबाई रडली नाही. ती त्याचे तळवे पुसत बसली. त्यांना सायकलचं काळं तेल लागलं होतं. ते शेवटपर्यंत निघालं नाही.

हाकेचं बाबांनी कोणालाही सांगितलं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तात्या म्हणाला, "चला. घरात बसून तो परत येणार आहे का?"

सहा सायकली निघाल्या. कोणी भांडलं नाही. पुढे कोण, मागे कोण, कोणी विचारलं नाही. ट्रामचे रूळ दिव्याखाली चमकत होते. चाकांचा आवाज तेवढा.

टिळक पुलाचा चढ आला.

सवयीने तात्या ओरडला, "एक!"

"दोन!"

"तीन!"

"चार!"

"पाच!"

बाबा म्हणाले, "सहा."

आणि सगळ्यांनाच आठवलं.  नुसते पायडल मारत राहिले.

तेवढ्यात मागून... लांबून... दम लागलेला...

"...सात."

सहाच्या सहा सायकली जागच्या जागी थांबल्या.

मागे वळून बघितलं. पूल मोकळा होता. खालपर्यंत एक माणूस नाही.

"कोण मस्करी करतोय?" तात्या ओरडला. पण त्याचा आवाज फाटला होता.

धोंडू, पाच नंबरचा, सायकलवरून उतरला. "तात्या, लवूचा आवाज होता. मी शपथ घेतो."

त्या दिवशी कोणी चहा प्यायला नाही.

पुढच्या रविवारी तेच झालं. मग लोक गळाले. कोणाला ताप आला, कोणाला गावी जायचं होतं. तिसऱ्या रविवारी उरले तिघं. तात्या, धोंडू आणि बाबा.

तात्या हट्टी. चढ लागताच ओरडला, "एक!"

धोंडू म्हणाला, "दोन."

बाबा म्हणाले, "तीन."

मग शांतता. बाबा म्हणाले, ती शांतता बरोब्बर तेवढी होती... तिघांनी आपापला आकडा म्हणायला जेवढा वेळ लागेल, तेवढी.

आणि मग,

"...सात."

तो आपल्याच नंबरावर होता.

तात्याने सायकल पुलाच्या कठड्याला टेकवली आणि लहान मुलासारखा रडला. "लवू, चुकलं रे. चहासाठी शिव्या घालायचो तुला..."

मंडळ त्या दिवशी बंद झालं.

चाळीत गोष्टी लपत नाहीत. धोंडूच्या बायकोकडून सुंदराबाईला कळलंच. ती संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"राजाराम, खरा काय ता?"

बाबा खाली मान घालून म्हणाले, "काकी, भास असेल."

"सगळ्यांका एकच भास होता?" तिने विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माका घेऊन चल. एकदाच. माका माझ्या झिलाचो आवाज ऐकूचो आसा."

बाबा नाही म्हणू शकले नाहीत.

पुढच्या रविवारी पहाटे सुंदराबाई तयार होऊन बसली होती. केस विंचरलेले. ठेवणीतलं लुगडं. जणू पाहुण्यांकडे निघाली होती. ती जन्मात सायकलवर बसली नव्हती. कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली आणि बाबांचा शर्ट मुठीत घट्ट धरला.

लालबाग गेलं. परळ गेलं. परळच्या नाक्यावर बाबांनी डोळे रस्त्यावरून हलवले नाहीत.

वाटेत ती एकच वाक्य बोलली. "ह्यो असो वारो लागता होय तुमका... म्हणान तो नीज सोडून धावता."



पुलाचा चढ लागला. पुढे तात्या नव्हता. एक म्हणायला कोणी नव्हतं. बाबांनी आपला जुना नंबर म्हटला.

"सहा!"

काही नाही.

पुन्हा म्हटला. "सहा!"

वाऱ्याचा आवाज. खाली कुठेतरी इंजिनाची लांब शिट्टी. बस.

बाबांच्या शर्टावरची मूठ हळूहळू सैल झाली. "माझ्यासाठी येवचो नाय तो," सुंदराबाई म्हणाली. नुसतं एवढंच. तक्रार नव्हती त्यात.

ते बाबांना सहन झालं नाही. सायकल चालवता चालवताच, मागे न बघता ते बोलले.

"काकी, त्याने मला हाक मारली होती. त्या दिवशी. चेन पडली, थांब, म्हणाला. मी ऐकलं... आणि मी थांबलो नाही."



मग खूप वेळाने ती म्हणाली,

"मगे आता थांब."

बाबांनी सायकल थांबवली. पुलाच्या मधोमध. दोघं उतरून उभे राहिले. एकमेकांकडे न बघता.

आणि मग आवाज आला.

खुर्र... खुर्र... खुर्र...

मागून. चढावरून. सुटलेली चेन रस्त्यावर घासत यावी तसा. कोणीतरी सायकल हाताने ढकलत, सावकाश पुलावर चढत होतं.

दिवे होते. रस्ता दिसत होता. रस्त्यावर कोणी नव्हतं.

आवाज जवळ आला.

आणखी जवळ.

बाबांच्या अगदी बाजूला आला... कापसाचा आणि तेलाचा वास आला. हाताच्या अंतरावर.  त्यांना बोलायचं होतं. "लवू, माफ कर" एवढंच. तोंडातून शब्द फुटला नाही.

"झिला..." सुंदराबाई म्हणाली. "झिला, थांब रे. मी इलंय."

आवाज थांबला नाही.

खुर्र... खुर्र... त्यांच्या बाजूने पुढे गेला. पूल उतरून माहीमच्या दिशेने. सुंदराबाई अनवाणी चार पावलं धावली. मग कठड्याला धरून उभी राहिली. आवाज बारीक होत होत गेला... आणि संपला.

उजाडेपर्यंत दोघं तिथेच बसले होते.

त्यानंतर त्या पुलावर कोणालाच कधी "सात" ऐकू आला नाही. बाबा नंतर कित्येक रविवारी एकटे जाऊन आले. चढावर उभे राहायचे. आपला नंबर म्हणायचे. काही नाही.

साठ साली महाराष्ट्र झाला. चाळीला दिव्यांच्या माळा लागल्या. सुंदराबाईने स्वतः घराघरांत साखर वाटली. आमच्या दारात आली, बाबांच्या हातावर साखर ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली. बाबांनी ती तोंडात घातली नाही. तशीच मूठ मिटून रात्रभर गॅलरीत बसून होते, असं आई सांगायची.

सुंदराबाईने बाबांना कधी बोल लावला नाही. तिचं सगळं बाबांनीच केलं. दवापाणी, शेवटी खांदाही. पण ती बाबांशी जास्त बोलायचीही नाही.

इथपर्यंत बाबांनी सांगितलेलं.

आता जे सांगते, ते बाबांना माहीत नव्हतं.

सुंदराबाई जायच्या आदल्या आठवड्यात माझी आई तिच्या उशाशी बसायची. एका दुपारी ती शुद्धीवर आली आणि आईला म्हणाली, "राजारामाक त्या दिवशी काय ऐकाक इला?"

आई म्हणाली, "एका सायकलीचा आवाज. लवूच्या."

म्हातारी मान हलवत राहिली.

"एक नव्हती गो. खूप होते. फुडे होते, मागे होते. माका दिसले. ल्हान-थोर, गोळी लागान गेलेले सगळे. सायकली हातात धरून सगळे चालत होते. एक पण वर बसलो नव्हतो."

आईने विचारलं, "चालत का?"

"लवूची चेन पडलेली ना," ती म्हणाली. "म्हणान."

आईने मला बजावलं होतं, हे बाबांच्या कानावर घालू नकोस. ते सगळे थांबले आणि आपण थांबलो नाही, हे त्यांना सोसायचं नाही. मी नाही घातलं. बाबा जाऊन आता बारा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात ते मला दोनदा म्हणाले, "तो एकटाच गेला गं त्या पुलावरून. एकटाच."

दोन्ही वेळा माझ्या ओठांवर आलं होतं.

म्हातारीला तापात दिसलं असेल, असं मी स्वतःला सांगते. नाहीतर, तिने जे पाहिलं ते खरं असेल, तर मी माझ्या बापाला काय न सांगता जाऊ दिलं... ह्याचा विचार करवत नाही. पहाटे चारच्या सुमाराला जाग येते. मग झोप लागत नाही.