बोनेटवरचा पंजा

मोबाईल खाली ठेवा आधी. आणि मधेच कुणी खिदळलं तर मी उठून झोपायला जाईन, सांगून ठेवतो.

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर ही वेळ आली तो मिस्त्री तीस वर्षं माझ्या शेजारच्या गाळ्यात होता. त्याचं ब्रेकचं काम, माझं गाड्या रंगवायचं. मधली भिंत एकच. पुढचं सगळं त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

बुधवार, बारा तारीख, रात्रीचे सव्वाअकरा. मिस्त्री गॅरेजात एकटाच, लेकीच्या गाडीला नवे ब्रेक बसवत होता. लेक माहेरपणाला आलेली. पहाटे पाचला आठ महिन्यांचं बाळ घेऊन परत निघणार, आणि वाटेत तो मोठा उतार. मिस्त्री हट्टालाच पेटला होता. "पोरी, जुन्या ब्रेकवर मी तुला जाऊ देणार नाही."

पॅड नवे, डिस्क नव्या, सगळं झकास. पण पेडल मऊ. पाय ठेवला की ओल्या उशीवर ठेवल्यासारखा खाली जायचा. म्हणजे आत कुठेतरी हवा राहिली होती. आता हवा काढायला दोन माणसं लागतात. एक सीटवर बसून पेडल दाबतो आणि "धरलंय" म्हणतो. दुसरा चाकापाशी बसून छोटं निपल ढिलं करतो, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात, निपल आवळतो, मग वरच्याला सांगतो, सोड. दाब, धरलंय, सोड. मिस्त्रीच्या गॅरेजात दिवसभर हेच चालायचं. वीस वर्षं सीटवर एकच माणूस बसला, म्हणून त्याचं नावच पडलं दाब्या.

दाब्या म्हणजे एक नमुना होता. चप्पल काढून अनवाणी पायाने पेडल दाबायचा. "जोड्याला काय कळतंय?" म्हणायचा. एका पंख्याने त्याच्या उजव्या करंगळीचं टोक नेलं होतं, त्याचीही चेष्टा स्वतःच करायचा. चाकाचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारे चिमटे, खोलले की डाव्यावर खडूने फुली मारायचा, कारण डावा-उजवा दिसायला जुळे भाऊ. आणि काम संपलं की खाली उतरून बोनेटवर हात मारायचा. दोनदा मारला तर गाडी पास. एकदाच मारला तर पुन्हा करा. मिस्त्री शिव्या घालायचा, पण पुन्हा करायचा.

त्या बुधवारच्या दीड वर्ष आधीची गोष्ट. दाब्या दिवसभर दवाखान्यात होता, म्हणून मिस्त्रीने एका गाडीचे ब्रेक एकट्यानेच बसवले. संध्याकाळी दाब्या आला, पेडल दाबून बघितलं, बोनेटवर एकदाच हात मारला. "मऊ आहे, मिस्त्री. देऊ नका." दहा वेळा हवा काढली, तरी मऊच. गिऱ्हाईकाचे फोनवर फोन. मिस्त्री वैतागला. "दोन दिवसांत बसेल ते आपोआप. जा, पोचवून ये."

दाब्या गेला. उतारावर गाडी थांबली नाही.

चौकशी आली तेव्हा मिस्त्री भर चौकात, पन्नास माणसांदेखत म्हणाला, "प्यायला होता तो. मी स्वतः वास घेतला." अरे, दाब्या आयुष्यात दारूला शिवला नव्हता! मी तिथेच उभा होतो. मी काय केलं? काही नाही. शेजारधर्म पाळला. त्या दिवसापासून दाब्याच्या बायकोला, वहिनीला, लोक बेवड्याची बायको म्हणायला लागले. नवरा गेला तो गेलाच, वर त्याचं नावही गेलं.

तर तो बुधवार. साडेबारा वाजले. मिस्त्री पुढच्या उजव्या चाकापाशी बसलेला. सीट रिकामी. पेडलला लाकडी ठोकळा लावून झाला, जमेना. कंबर मोडून आली होती. आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "दाब..."

"धरलंय."

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. तो वाकून बघू लागला. सीटवर कुणी नाही. पेडल मात्र तळाला टेकलेलं.

"सोड," तो म्हणाला.

पेडल हललं नाही.

"सोड ना रे..."

काही नाही. मग पेडल वर आलं. खाली गेलं. वर आलं. खाली. जॅकवरची गाडी हलायला लागली. निपलमधून तेलाची पिचकारी उडाली ती थेट त्याच्या तोंडावर. हातातली बॅटरी गडगडत गेली आणि चाकापाशी थांबली.

उजेड कॅलिपरवर पडला होता. त्यावर खडूची फुली. पांढरी. ताजी.

गॅरेजात दीड वर्षं खडू नव्हता...

फुली म्हणजे डावा. आणि हे तर उजवं चाक. दोन्ही कॅलिपर एकदम खोलले, शेजारी शेजारी ठेवले आणि उलटे बसवले. उलटे बसले की वरचं निपल खाली येतं. हवा तर वर चढते. मग कितीही वेळा काढा, तेल निघतं, हवा आत बसून राहते. मिस्त्रीला सगळं आठवलं. दीड वर्षापूर्वीही त्याने असेच दोन्ही एकदम खोलले होते. तेव्हाही फुली मारायला दाब्या नव्हता.

त्याने कॅलिपरची अदलाबदल केली. मग एकेक चाक घेतलं. दाब. धरलंय. सोड. दाब. धरलंय. सोड. पहाटे चारला पेडल दगडासारखं घट्ट झालं.

"झालं ना रे? मार हात..."

गॅरेज गप्प.

पाचला लेक आली. बाळाला मागे झोपवलं, सीटवर बसली, पेडल दाबलं. "बाबा, हे तर खालीच जातंय."

मिस्त्री बसला. घट्ट. लेक बसली. तळाला. पुन्हा तो. घट्ट. पुन्हा ती...

"बाबा, तुम्हाला एवढा घाम का आलाय?"

"उतर. बाळाला घे. गाडीला हात लावू नकोस."

तो धावतच वहिनीच्या दारात गेला. तिने अर्धं दार उघडलं. मिस्त्रीने आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना. तशा वेळीसुद्धा! मग कुजबुजला, "वहिनी, तो प्यायला नव्हता. पेडल मऊ होतं. त्याने मला सांगितलं होतं. मीच पाठवला त्याला."

वहिनीने दार अर्धंच धरून ठेवलं. मग म्हणाली, "मला माहीतच होतं, मिस्त्री. मला कशाला सांगता?" आणि तिने दार लावून घेतलं.

परत आला तर लेक बोनेटपाशी उभी. ब्रेकचं तेल रंग खातं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. बोनेटवरचा रंग सोलून निघाला होता, पंज्याच्या आकाराचा. चार बोटं पूर्ण. करंगळी आखूड. पंजा एकच होता. मिस्त्रीने लेकीला बसने पाठवलं.

ती गाडी माझ्याकडे आली. तीनदा रंगवली. तिसऱ्या दिवशी पंजा पुन्हा वर. मी म्हटलं, "मिस्त्री, जिथे खोटं बोललास तिथे जाऊन खरं बोल." तो म्हणायचा, "बघू." बघू बघू करत गेल्या महिन्यात तो झोपेतच गेला. उजवा पाय असा ताणलेला, पेडल धरून ठेवल्यासारखा. चौघांनी दाबून पाहिला, वाकला नाही.

नंतर मी ती गाडी चौथ्यांदा रंगवली. या वेळी रंग टिकला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

हसताय ना? हसा.

उद्या सकाळी दहाला सगळे चौकात या. मला लोकांसमोर काही बोलायचंय, दाब्या गेला तेव्हाच बोलायला हवं होतं ते... आता दोन वर्षं होत आली. आजच का, म्हणून विचारू नका. माझा टेम्पो दारात उभा आहे. बॅटरी घ्या आणि त्याचं बोनेट बघून या. मी नाही येत.