पट्टीवरची मिरची

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोट्टेहो. आणि तो मोबाइल ठेव बाजूला. ही गोष्ट माझ्या ओळखीच्या रुपरावाची आहे.

कुहीच्या वाटेवर ते मोठं गोदाम लागतं ना, तिथं पूर्वी विमानं उतरत. इंग्रजांच्या लढाईतली धावपट्टी. पुढे लष्करानं ती टाकून दिली आणि गावानं तिच्यावर मिरची वाळवायला घेतली. सिमेंट असं तापायचं की मिरची दोन-चार दिवसांत खडखडीत. मग वर कुणीतरी सही केली आणि पट्टी त्या गोदामवाल्या कंपनीची झाली. गावाला कोण विचारतो!

गेल्या वर्षीची महाशिवरात्र झाली, तिच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. अमावास्या. सकाळी पट्टी उखडायला डोझर येणार होता, म्हणून जेवण आटोपून रुपराव टेम्पो घेऊन निघाला. मिरची आणायची होती, आणि बापाला. बाप, म्हणजे देवाजी, पट्टीच्या मधोमध अंथरूण टाकून पडला होता. सिमेंट रात्रभर कोमट राहतं, गुडघे शेकतात, म्हणून म्हातारा हिवाळाभर घरी झोपतच नसे.

"बाबा, चला घरी. सकाळी डोझर येते."

"येऊ दे. पट्टी गेली तं मी कुठी जाऊ गा?"

"घर आहे ना आपलं!"

"घरी कोण बोलते मायाशी? तुमी सारे आपापल्या कामात."

रुपरावाला हे लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. शेवटी म्हातारंच नरमलं.

"जाय, पोते आन. मिरची भरू, मंग येतो."

टेम्पो कुंपणाबाहेर उभा होता. रुपराव पोती घ्यायला तिकडे चालत गेला. पोती खांद्यावर टाकली, वळला, आणि थांबला.

पट्टीच्या पार टोकाला उजेड होता.

आधी वाटलं, डोझर रात्रीच आला. पण आवाज डोझरचा नव्हता. जमिनीतून येत होता. तळपायाला कळत होता.

"बाबा! बाजूले व्हा!"

देवाजी उठून उभा राहिला. उजेडाकडे तोंड करून. डोळ्यांवर आडवा हात धरून.

रुपराव पळाला. पोती पडली. तो पळतोय... आणि बाप तेवढाच लांब. छाती फुटायला आली. बाप तेवढाच लांब.

"बाबा..."

या वेळी आवाज निघाला नाही. नुसतं तोंड उघडलं.

उजेड जवळ आला. आणि म्हाताऱ्यानं एसटीला दाखवावा तसा हात दाखवला.

मग डोक्यावरून काहीतरी गेलं. वारा नाही... काही नाही... नुसतं गेलं.

अंधार.

रुपराव अंथरुणापाशी पोचला तेव्हा ते उबदार होतं. माणूस नव्हता. रात्रभर तो हाका मारत फिरला. गाव आलं. विहिरी पाहिल्या, नाला पाहिला. पोलिसांनी विचारलं, "म्हातारा भांडून गेला होता काय?" काय सांगणार बिचारा! बाप डोळ्यांदेखत गेला आणि आपण हातभरही पुढे सरकलो नाही, हे कुणाला सांगायचं?

उजाडलं तसा डोझर आला. रुपराव आडवा झाला, रडला, पाया पडला. "माहा बाप आहे इथं, आजचा दिवस थांबा!" कंपनीचा माणूस घड्याळ बघत राहिला. पण डोझरवाला खाली उतरला, चार पावलं चालला आणि परत जाऊन त्यानं इंजिन बंद केलं. त्या दिवशी त्यानं डोझरला हात लावला नाही. लावला तो दुसऱ्यानं, दुसऱ्या दिवशी.

तोवर साऱ्या गावानं पाहून घेतलं. पट्टीच्या टोकापासून मिरचीवरून दोन रुंद चाकं गेली होती. मिरचीचं पीठ झालं होतं. ते दोन पट्टे सरळ देवाजीच्या अंथरुणापर्यंत आले होते.

पुढची मिरची जशीच्या तशी होती.