तात्यांची मोटार का उकळते?

फुस्स करून मोटारीच्या तोंडातून वाफ निघाली आणि तात्या वकिलांनी कपाळाला हात लावला. रंकाळ्यापर्यंत जाऊन यायचं काय ते, तर आठवड्यात तिसऱ्यांदा हीच तऱ्हा! फाटकाशी येऊन मोटार गप्प झाली.

"मौलाली, उद्या सीमोल्लंघनाला जाताना ही उकळली, तर परवापासून तू येऊ नकोस," असं म्हणून तात्या तरातरा घरात गेले.

मौलाली खालमानेनं मोटारीची झूल उतरवू लागला. पंधरा वर्षं त्यानं तात्यांची घोडागाडी हाकली होती. मोटार हातात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. त्याची मुलगी सुगरा फाटकाला धरून उभी होती. तिचे डोळे भरलेले पाहून लीलाला फार वाईट वाटलं. लीला तात्यांची पुतणी, गारगोटीहून दसऱ्याच्या सुट्टीला आलेली.

"रडतीस कशाला? शोधून काढू की," ती म्हणाली. शेजारचा कृष्णात तर असल्या उद्योगाला एका पायावर तयार!

मोटार गार झाल्यावर त्यांनी काठोकाठ पाणी भरलं आणि मौलालीला इंजिन सुरू करायला लावलं. नळ्या कुठं गळत नव्हत्या, पंखा गरगर फिरत होता, पट्टाही घट्ट होता. अर्धा तास झाला तरी वाफेचा पत्ता नाही.

"घरात शाण्यावानी ऱ्हाती आन् रस्त्यावर अंगात येतं व्हय हिच्या?" कृष्णात वैतागला.

लीला मात्र विचारात पडली. रस्त्यावर असतं आणि घरी नसतं, असं काय? तिची नजर ओट्यावरच्या लाल मखमली घडीवर गेली. महाराजांच्या हत्तीला झूल, मग आपल्या मोटारीला का नको, म्हणून तात्यांनी घटस्थापनेला हौसेनं शिवून घेतलेली झूल! निघताना ती मोटारीच्या तोंडावर बांधायची आणि मळू नये म्हणून आल्याबरोबर काढायची, हा त्यांचाच दंडक.

"सुगरा, वहीचा कागद दे."

लीलानं कागद मोटारीच्या जाळीपुढे धरला. पंख्याच्या ओढीनं तो चपकन जाळीला चिकटला. मग झूल बांधून तिच्यावर कागद ठेवला. तो घसरत खाली आला.

"पंखा बाहेरचा वारा ओढतो, म्हणून पाणी निवतं. झुलीनं वाराच अडवलाय," लीला म्हणाली.

मौलाली बघतच राहिला. "तोबरा बांधून घोडा पळवत न्हाईत, एवढं मला ठावं हाय. आन् हिला म्या रोज तसंच पळवलं की!"

तात्यांना पटेना. मग झूल बांधून मोटार त्यांच्यासमोरच गल्लीतून फिरवली. चौथ्या फेरीला वाफ आली! तात्यांनी स्वतःच्या हातानं झुलीची गाठ सोडली.

"पोरांनो, वकील मी, पण खटला तुम्ही जिंकलात," ते म्हणाले. आणि मौलालीकडे न बघताच ते घरात गेले.

दुसऱ्या दिवशी झूल मागच्या बैठकीवर अंथरली होती आणि तिच्यावर तिघं ऐटीत बसली होती. मोटार सीमोल्लंघनाला जाऊन आली, एकदाही न उकळता. फाटकाशी उतरल्यावर तात्यांनी आपट्याचं पहिलं पान मौलालीच्या हातात दिलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "उद्या नेहमीच्या वेळेला ये."