खिडकीपाशी बसणारी लेनी

डुमागेटे शहरातल्या एका बालवाडीत मारिविक कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर बसली होती. तेवढ्यात शेजारच्या तसल्याच स्टुलावर एक उंचापुरा तरुण येऊन टेकला आणि त्याचे गुडघे थेट हनुवटीला लागले. मुलं फिदीफिदी हसली. मारिविकनं ओठ दाबून धरले... पण डोळे हसलेच.

तो जेरविन. कानलाओनच्या डोंगराकडचा. दोन वर्षं लहान मुलांना शिकवून आता तिच्यासारखाच, बालशिक्षणात संशोधन कसं करतात ते शिकायला आलेला. त्यांच्या प्राध्यापक टेवेस मॅमनी दोघांना एकाच वर्गावर पाठवलं होतं. रोज सकाळी बसायचं, मुलांच्या मध्ये पडायचं नाही, नुसतं बघायचं आणि आपापलं टिपायचं. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा, मॅम बजावायच्या. मनाला वाटलं ते वेगळं ठेवा.

वर्ग सुटला की दोघं समोरच्या टपरीवर गरम घट्ट चॉकलेट घ्यायची.

"सिकिहोरची आहेस म्हणे तू," जेरविननं पहिल्याच दिवशी विचारलं. "माझ्या कपात काही टाकलं नाहीस ना?"

तिचं बेट म्हणजे चेटकिणींचं, ही थट्टा तिला लहानपणापासून पाठ होती.

"टाकलं असतं तर... तुला कळलं असतं का?" ती मान वर न करता म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघत बघत कप तळापर्यंत रिकामा केला.

दिवस असे बरे जायचे. संध्याकाळ मात्र अंगावर यायची. मारिविकची भाड्याची खोली समुद्राजवळ होती आणि तिच्या बेटाकडे जाणाऱ्या बोटीचा भोंगा आत ऐकू यायचा. ती कधी त्या बोटीत बसत नसे. जाऊन भेटणार कोणाला? वडील वारलेले, सांभाळणारी मावशीही. आई ती लहान असतानाच हाँगकाँगला गेलेली, दुसऱ्यांची मुलं सांभाळायला. व्हिडिओ कॉलवर दोघींचं बोलणं लवकर संपायचं, मग नुसत्याच एकमेकींकडे बघत बसायच्या.

वर्गात लेनी नावाची चार वर्षांची मुलगी होती. खेळ सुरू झाला की ती खिडकीपाशी जाऊन बसे आणि बाहेर बघत राही. तिची आई दुबईला असते हे कळलं, आणि मारिविकची नजर तिच्यावरून हलेना. लेनी आईची वाट बघते, असं तिनं लिहिलं. मग सगळा निबंध त्याच्याच भोवती उभा राहिला. मॅमना तो आवडला. विद्यापीठाच्या परिषदेत वाच, म्हणाल्या.

जेरविननं वाचला आणि बराच वेळ कान खाजवत बसला.

"तिला विचारलंस?"

"चार वर्षांच्या पोरीला काय विचारायचं?"

"तिच्याबद्दलच तर लिहिलंयस..."

मारिविकला राग आला. दुसऱ्या दिवशी ती टपरीवर गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पण त्याचा प्रश्न काही मनातून जाईना. शेवटी वर्गाच्या बाईंची परवानगी घेऊन ती खिडकीपाशी उकिडवी बसली.

"लेनी, तू रोज इथे का गं बसतेस?"

लेनीनं तिच्याकडे, हिला एवढंही कळत नाही, अशा नजरेनं पाहिलं.

"इथे वारा येतो."

"आणि बाहेर काय बघतेस?"

"कोंबडी. तिला पिल्लं झालीत."

त्याच दुपारी मारिविक मॅमकडे गेली. निबंध चुकलाय, म्हणाली, मी पुन्हा बसते वर्गात. परिषद हुकेल, मॅमनी सांगितलं. हुकू दे, ती म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर जेरविन बसला होता. बारीक पाऊस लागला होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"वाटत होतं. माहीत नव्हतं."

"मग सरळ बोलला का नाहीस?"

"तू त्या पोरीकडे ज्या नजरेनं बघायचीस ना... माझ्यानं बोलवलं नाही." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "तू कोणाची वाट बघत होतीस, मारिविक?"

इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं — आईच्या बॅगेचं, धक्क्यावरच्या गर्दीचं, मावशीनं घट्ट धरून ठेवलेल्या हाताचं. पाऊस थांबला तरी दोघं तिथेच होती.

सत्र संपलं. जेरविनला स्वतःच्या अभ्यासासाठी गाव मिळालं ते नेमकं सिकिहोरवरचं. ऐकून मारिविक हसत सुटली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. तो तिच्या बेटावर राहणार... आणि ती इथे, या खोलीत.

ती त्याला धक्क्यापर्यंत सोडायला आली. माणसं बोटीत चढत होती. पोचलो की फोन करतो, असं काहीबाही बोलून त्यानं बॅग उचलली.

"जेरविन..."

तो वळला.

"शनिवारी मी येते. तिकडच्या धक्क्यावर ये."

"येतो की. काही काम आहे?"

"काम नाही. मला तू आवडतोस, म्हणून."

त्यानं बॅग खाली ठेवली. तिच्या गालावर आलेली बट बोटानं मागे सारली. तेवढ्यात भोंगा झाला आणि कोणीतरी त्याला दंडाला धरून आत ओढलं. बोट सुटल्यावर त्यानं कठड्यावरून वाकून ओरडून काहीतरी सांगितलं, वाऱ्यात तिला अर्धंच ऐकू आलं — "...पहिल्यापासून!"

बोट दिसेनाशी झाली तरी मारिविक तिथेच उभी होती. संध्याकाळ आजही लांबलचक असणार होती. पण अशा संध्याकाळी आता शनिवारपर्यंतच.