साखरपाण्यातले पराग

दिग्रसजवळच्या शाळेत शनिवारी दुपारी दोघंच होती. निवृत्त विज्ञानशिक्षक बबनराव, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून खिडकीसमोर बसलेली आठवीतली निकिता. उद्या खिडकीबाहेरच्या तलावातला गाळ काढायला जेसीबी येणार होता. त्याआधी दोघांनी तळात पाइप ठोकून गाळाची लांब कांडी काढली होती. वरच्या थरात सोयाबीन-कपाशीचे पराग निघाले, मधे ज्वारीचे, खाली साग नि मोह. दर थराला निकिता टाळी वाजवायची.

"सर, हे जिते असते काय?"

"नाही बेटा. गाळात हवा नसते, म्हणून कवच कुजत नाही. आतला जीव कवाचाच गेला. भुईमुगाची फोलपटं समज."

सगळ्यात खालच्या थरात मात्र तीन कोपऱ्यांचे, काटेरी पराग निघाले. बबनरावांच्या वहीत जिल्ह्यातल्या तीनशे झाडांचे पराग होते. हे नव्हते. म्हाताऱ्यानं आनंदानं वही मिटली. "हे झाड कोणीच पाह्यलं नाही, पोरी! कोणतं असंल?"

"सर, यायले शेपट्या फुटून राह्यल्या."

बबनरावांनी काचपट्टीवर थेंब टाकायची बाटली हुंगली. पाण्याऐवजी पोरीनं साखरपाणी टाकलं होतं, कालच्या सदाफुलीच्या प्रयोगातलं.

"साखरपाण्यात ताज्या परागाले नळी फुटते," ते हळू म्हणाले. "नळी फुलातल्या बीजांडाकडं वाढते. पण मेलेल्याले..."

"म्हंजे झाड जितं हाये! साऱ्या नळ्या खिडकीकडं, तलावाकडं वळल्या. मी पाहून येतो!"

ती दारातून धावत सुटली. बबनराव डोळा लावून हसले. खरंच, सगळ्या नळ्या खिडकीकडं.

मग त्यांना आठवलं. सूक्ष्मदर्शकात चित्र उलटं दिसतं. वर्षानुवर्षं पहिल्या तासाला ते हेच शिकवत आले होते. नळ्या खिडकीकडं नव्हत्याच. निकिताच्या स्टुलाकडं होत्या.

आणि आता त्या वळत होत्या.

त्यांनी मान वर केली. बाहेर निकिता शाळेला वळसा घालून तलावाकडं पळत होती. पुन्हा डोळा लावला. नळ्याही वळसा घेत होत्या.

थोड्या वेळानं ती धापा टाकत परतली. "काठावर काहीच नाही, सर! पाहू द्या मले, अजून वाढल्या काय?"

ते नको म्हणेपर्यंत ती वाकलीही.

"अरे, शेपट्या गेल्या! नुसते गोल ठिपके दिसते."

बबनरावांच्या हातात पेन्सिल होती. टोकाकडून पाहिली, की पेन्सिल ठिपक्यासारखीच दिसते.

"निकिता, डोळा काढ."

"थांबा ना सर," ती हरखून म्हणाली. "ठिपके मोठे होऊन राह्यले."