योंगसोचा घास

फोन बंद ठेवायची कल्पना लेकीची, बोराची. "आई, एक दिवस बाबांना घेऊन योंगसोच्या धबधब्यावर जा. फोन बंद कर आणि नुसती बस पाण्याजवळ. आरशात तोंड बघितलंस का स्वतःचं?"

आरशात बघायला मल-सुनला वेळ होता कुठे! नवरा, दोक-सू, दोन वर्षांपासून एकेक विसरत चालला होता. आधी चष्मा, मग घराचा रस्ता, आणि यंदा उन्हाळ्यात चक्क बायको. तेव्हापासून तो तिला 'बाई' म्हणे, तेही अगदी अदबीने. दिवसातून दहा वेळा विचारी, "बाई, माझी बायको दिसली का हो कुठे?" चाळीस वर्षं ज्याचे मोजे धुतले त्याने असं विचारलं की ती म्हणायची, "बाजारात गेलीय. येईल हं."

बस पायथ्याशी थांबते तिथेच चो आजीची टपरी. म्हातारी मोठी फटकळ. "काय गं, नवऱ्याला हवा खायला आणलंस की स्वतःला?"

"दोघांना," मल-सुन म्हणाली आणि तिथेच फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं. दोक-सूच्या मनगटात तिचा फोन नंबर कोरलेलं कडं होतं, ते तिने सवयीने एकदा चाचपून बघितलं.

वाट पाइनच्या झाडीतून वर जात होती. वाळक्या सुयांचा जाड थर पडलेला, पाऊल वाजायचं नाही. वरून उतरणारा जो तो सांगे, "आलंच हो, पाच मिनिटं." आमच्या डोंगरात सगळे असंच सांगतात आणि ती पाच मिनिटं कधी कुणाची खरी झालेली नाहीत. दोक-सू मात्र प्रत्येकाला वाकून नमस्कार करी आणि नव्या हुरुपाने चालू लागे. तासाभराने खरंच पाण्याचा आवाज आला.

योंगसोला त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. धार उंचावरून पडत होती, पण आवाज कसा, लांब कुणीतरी तांदूळ ओततंय असा. खालचा डोह हिरवा, तळ न दिसणारा. तुषार अंगावर येऊन बसत होते आणि ओल्या शेवाळाचा वास डोक्यात भिनत होता. मल-सुनने बूट काढले आणि सपाट दगडावर डबा उघडला. समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताची पहिली चकती उचलली, "गोसुरे" म्हणून पाण्याकडे भिरकावली. उघड्यावर जेवायचं तर पहिला घास त्या जागेचा, हे तिला आईने शिकवलेलं.

घास पाण्यात पडला नाही, काठच्या खडकावर पडला. आणि दोक-सूने शांतपणे जाऊन तो उचलला आणि तोंडात टाकला.

"अहो! तो तुमचा नव्हता."

"छान झालाय, बाई," तो घास चावत म्हणाला.

मल-सुनला हसू आवरेना. हसता हसता डोळे भरले आणि ती धबधब्याला म्हणाली, "रागावू नकोस रे बाबा. तुझा घास यांनी खाल्ला, तर तूही यांच्याकडचं काहीतरी घेऊन टाक. तसंही राहिलंय काय आता त्यांच्याकडे!" खरं तर दुसरा घास टाकायचा आणि माफी मागायची. एवढं साधं ती विसरली. बोलणं हसण्यावारी गेलं, दोघं जेवली. मग पाण्याच्या आवाजाने तिच्या पापण्या जड झाल्या. पाच मिनिटं पडू म्हणून तिने दोक-सूची बाही मुठीत धरली आणि आडवी झाली.

"अगं, ऊठ. दगडावर झोपलीस की दोन दिवस कंबर धरते तुझी. माहितेय ना?"

तिने डोळे उघडले. ऊन डोहावरून सरकून पलीकडच्या कड्यावर गेलं होतं. दोक-सू समोर उभा होता आणि तिच्याकडे बघत होता. बाईकडे बघतात तसा नाही.

"काय... काय म्हणालात?"

"'अगं' म्हणालो. दुसरं काय म्हणणार बायकोला?"

मल-सुन उठून बसली. मग तोच सांगू लागला. लग्नानंतरचा आगगाडीचा प्रवास, तिने त्याच्या वाटणीची उकडलेली अंडीसुद्धा फस्त केली आणि वर म्हणाली की पिशवीत दोनच होती. बोरा जन्मली त्या दिवशीचा बर्फ. तिने चोरून शिकलेली सायकल. ती ऐकत होती, रडत होती, हसत होती. जन्मात एवढं सुख झालं नव्हतं तिला.

हातात हात घालून दोघं उतरू लागली. झाडीत संध्याकाळी असतो तसा निळसर उजेड भरला होता, रातकिड्यांचा आवाजसुद्धा पाण्याखालून आल्यासारखा. तो बोलत होता, आणि ते कधी संपूच नये असं तिला वाटत होतं. अर्ध्या वाटेवर तिचा अंगठा सवयीने त्याच्या मनगटावर गेला. मनगट रिकामं होतं.

"अहो, कडं कुठाय?"

"मला कशाला? ज्याला घर सापडत नाही त्याला ते."

बरोबरच होतं म्हणा. पण मग तिच्या लक्षात आलं की एवढा वेळ धरूनही त्याचा हात गरम झाला नव्हता. डोहातून काढलेल्या दगडासारखा गार. तिने हात सोडला नाही... सोडवेना.

शेवटच्या वळणावर टपरी दिसली आणि खालून आवाज आला, "बाई, माझी बायको दिसली का हो कुठे?"

बाकावर, खांद्यावर घोंगडी घेऊन, दोक-सू बसला होता. मनगटात कडं. चो आजी वर बघून ओरडली, "अगं, फोन कशाला बंद ठेवतेस? बिचारा एकटाच उतरत होता, वाटेवरच्या पोरांनी आणून सोडला. त्या कड्यावरचा नंबर दहा वेळा फिरवला मी!"

मल-सुनने वळून बघितलं. तिचा हात धरलेला तो दुसरा पाइनच्या आडोशाला थांबला होता. हळू म्हणाला, "जाऊ नकोस गं. त्याच्याकडे काय उरलंय? तुझं सगळं माझ्याकडे आहे..."

ते खरं होतं, तिला कळत होतं. त्याच्या डोळ्यांत ती होती, चाळीस वर्षांची अख्खी. राहावं असं तिला फार फार वाटलं. पण खाली बाकावर त्या वेड्याने टपरीवरचा रस्सा शर्टावर सांडला होता, तो थरथरत होता, आणि पुसायला कुणी नव्हतं. मल-सुनने गार हात सोडला, खाली गेली आणि पदराएवढ्या रुमालाने त्याची हनुवटी पुसली.

"बायको येईल हं," ती म्हणाली.

बस सुटेपर्यंत तिने मान वळवली नाही.

कुणाला काही सांगितलं नाही तिने. दोन महिने गेले. थंडी पडली, बोरा पर्सिमन फळांची पेटी घेऊन आली. दोक-सूने तिला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "ही पोरगी कुणाची, बाई?" न्हाणीघरात जाऊन बोराने नळ मोठा सोडला आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. चो आजी.

"अगं, नवऱ्याला पुन्हा एकटं सोडलंस का? इथे येऊन बसलाय. डोंगरातनं उतरला."

मल-सुनने दाराकडे बघितलं. ओसरीत उन्हाला बसून दोक-सू पर्सिमन सोलत होता. साल जराही तुटू देत नव्हता.

"आजी... काय म्हणतात ते?"

"बसची वाट बघतोय म्हणे. चांगला खणखणीत बोलतोय की! इतके दिवस लेकीचं नाव काही केल्या आठवेना, आज सकाळी आठवलं म्हणतो. बोरा, बोरा, तेवढंच चाललंय. साडेतीनची येतेच आहे. बसवून देऊ का त्याला?"

न्हाणीघरातला नळ अजून वाहत होता. मल-सुनने फोन दोन्ही हातांनी धरला. नाही म्हण, नाही म्हण, ती स्वतःला बजावत होती.

"आजी," ती म्हणाली, "जेवलेत का हो ते काही?"